गाडीतला अँप वाजता वाजता बंद पडतो, परत सुरू होतो : नेमकं कुठं बघायचं

माझं गाव खानापूर तालुक्यात, नोकरी बेळगावात उद्यमबागला. जाऊन-येऊन रोज पन्नासएक किलोमीटर होतात आणि त्या वेळात गाणी ऐकणं हा माझ्या दिवसातला सगळ्यात आवडता भाग. म्हणून गाडीत चार चॅनलचा अँप, म्हणजे स्टिरिओचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, बसवून घेतला. पुढे दारात दोन स्पीकर, डिकीत एक सबवूफर, म्हणजे नुसत्या बेसचा मोठा स्पीकर. सहा महिने सुरेख वाजला. नंतर रोज रात्री परतताना एकच प्रकार सुरू झाला. हेडलाइट लागलेले, एसी चालू, जरा बेसवालं गाणं लागलं की आवाज एकदम गुल. पाच-सहा सेकंद शांत, मग आपोआप सुरू. पुढचा ठोका पडला की परत गुल.

ज्या दुकानात बसवला होता तिथं दाखवला. त्यांनी दहा मिनिटं वाजवून बघितलं आणि सांगितलं, "अँप गेलाय, नवा घ्या." मी घेतला. तिसऱ्या रात्री नवा अँपसुद्धा तस्साच बंद पडला. त्या रात्री रस्त्याकडेला गाडी थांबवून मी खरोखर हताश होऊन बसलो होतो, कारण पैसे दोनदा गेले होते आणि दोष जिथल्या तिथं होता. पुढे तो सापडला. तो शोधताना जे कळलं ते इथं सविस्तर लिहितोय, म्हणजे दुसऱ्या कुणी दुसरा अँप विकत घेण्याआधी वाचावं.

आधी अँपवरचा दिवा बघा

बंद पडला की पहिल्यांदा हात स्टिरिओच्या बटणाकडे जातो. तो आवरा आणि अँपवरचा छोटा दिवा बघा. शेजारी कुणाला तरी बसवा, चालवता चालवता वाकून बघू नका. आवाज गेल्याच्या क्षणी दिवा कसा आहे, यावरून अर्धं काम होतं.

दिवा लाल झाला, किंवा लुकलुकायला लागला, तर अँपनं स्वतःहून काम थांबवलंय. कमी व्होल्टेज, जास्त उष्णता किंवा स्पीकरच्या बाजूला शॉर्ट, या तिन्हीपैकी काहीतरी त्याला जाणवलंय. दिवा पूर्ण विझला, तर अँपपर्यंत सप्लायच पोचत नाही : फ्यूज, मुख्य वायर, अर्थ (म्हणजे मायनसची, गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर), नाहीतर अँपला 'चालू हो' म्हणून सांगणारी रिमोटची बारीक वायर. आणि दिवा हिरवा किंवा निळा, म्हणजे नेहमीसारखाच राहिला पण आवाज गेला, तर अँप बिचारा ठीक आहे. त्याच्याकडे गाणंच येत नाही. मग स्टिरिओपासून अँपपर्यंत गाणं नेणारी आरसीए केबल आणि स्टिरिओ बघायचा.

या तिसऱ्या प्रकाराचं लगेच सांगून टाकतो, कारण तो सोपा आहे. आरसीएच्या डाव्या-उजव्या पिना अँपच्या टोकाला अदलाबदल करा. बंद पडणारी बाजू बदलली तर दोष केबलमध्ये किंवा स्टिरिओत. मग मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून आरसीए करणारी केबल मिळते, ती सरळ अँपला लावून बघा. त्यावर तासभर नीट वाजला तर अँपला हात लावायचं कारणच नाही.

दिव्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे तो बंद कधी पडतो हे टिपणं. मी गाडीत छोटी वही ठेवली. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. दिवसा कमी, रात्री जास्त. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी उभी असताना हमखास. हायवेला वेग घेतला की कमी. म्हणजे इंजिन संथ, डायनामो कमी देतोय, वर हेडलाइट आणि एसीचा भार, अशा वेळी अँपला सप्लाय पुरत नव्हता. माझ्या मित्राची गाडी मात्र जांबोटीच्या पुढे खड्डे लागले की बंद पडायची. तिथं कुठंतरी जोड सैल होता. खड्ड्याला बंद पडणारा आणि ठोक्याला बंद पडणारा, हे दोन वेगळे आजार आहेत. दोघांना एकच औषध देऊ नका.

मामांनी मीटर लावला

माझे मामा उद्यमबागेत मोटर वायंडिंगचं काम करत आले. कार ऑडिओशी त्यांचा संबंध नाही, पण करंट कुठं अडतो हे त्यांना कळतं. मी दोन अँपची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "अँप बदललास, खरं अर्थ बघितलास काय?"

"अर्थ लावलाय की मामा, सीटखाली बोल्टला."

"लावलाय म्हणून काय झालं? तिथनं करंट जातोय काय ते बघितलास?"

नव्हतं बघितलं. मलाच काय, दुकानातही कुणाला सुचलं नव्हतं. तीन-चारशे रुपयांचा साधा मीटर (मल्टिमीटर) पुरतो. तो डीसी व्होल्टवर ठेवायचा आणि मोजमाप अँप जोरात वाजत असताना करायचं. इथंच बहुतेक जण चुकतात. अँप गप्प असताना मोजलं तर सगळं छान दिसतं, कारण करंटच वाहत नसतो. वायर कितीही खराब असली तरी बिनकरंटाची ती व्होल्टेज पोचवतेच.

गाण्याचा बेस वर-खाली होतो आणि साधा मीटर तेवढा चपळ नसतो. म्हणून मामांनी मोबाइलवर ५० हर्ट्झचा सलग सूर लावायला सांगितला. आवाज फाटणार नाही इतपत वाढवायचा आणि दहा-पंधरा सेकंदांतच बंद करायचा. सलग सुरावर सबवूफरची कॉइल लवकर तापते, म्हणून लांबवायचं नाही.

आमचे आकडे असे आले. इंजिन बंद, सगळं बंद : बॅटरीवर १२.५ व्होल्ट. ठीक. पूर्ण चार्ज, विसावलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ दिसले तर ती निम्म्यावर आलीय समजा आणि पुढचं काही मोजण्याआधी बॅटरीचाच निकाल लावा. इंजिन चालू : बॅटरीवर १४.१. हेही ठीक. डायनामो सुदृढ असेल तर साधारण १३.८ ते १४.४ मिळतात. आता सूर लावला. बॅटरीवर १३.६ राहिले. अँपच्या स्क्रूंवर, प्लस आणि अर्थ यांच्यामध्ये, १०.६!

मामांनी फक्त मीटर माझ्याकडे वळवला. बॅटरीपासून अँपपर्यंत तीन व्होल्ट वाटेतच नाहीसे होत होते. अँपच्या आत १२ व्होल्टचे जास्त व्होल्ट करणारा भाग असतो. आत येणारा सप्लाय एका मर्यादेखाली गेला की तो काम सोडतो. मर्यादा अँपगणिक बदलते, पण बहुतेकांची १० व्होल्टच्या आसपास असते. मीटर तर सरासरी दाखवतो, प्रत्यक्ष ठोक्याच्या क्षणी व्होल्टेज त्याहूनही खाली जातं. अँप बंद पडत नव्हता, स्वतःला वाचवत होता.

आता हे तीन व्होल्ट कुठं गळतायत? मामांनी एक लांब वायर घेतली, बॅटरीच्या मायनसला बांधली आणि खिडकीतून आत आणली. मीटरची एक पिन त्या वायरला, दुसरी अँपच्या अर्थच्या स्क्रूला. परत सूर. २.४ व्होल्ट. मग तशीच वायर बॅटरीच्या प्लसला बांधून अँपच्या प्लसपर्यंत मोजलं : ०.६. बेरीज बरोबर तीन. नीट बसवलेल्या अर्थवर ०.१ च्या आसपास दिसायला हवं, ०.२ पर्यंत चालवून घ्यावं. प्लसच्या लांब वायरवर अर्ध्या व्होल्टच्या आत असावं.

माझा अँप जोरात वाजताना अंदाजे ४० अँपिअर ओढतो. २.४ गुणिले ४०, म्हणजे ९६ वॅट. जुन्या शंभरच्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता एका बोल्टच्या बुडात निघत होती. मी बोल्टला हात लावला, गरम होता. इतके महिने तो माझ्याच सीटखाली तापत होता.

अर्थ नीट कसा द्यायचा

सीटच्या बोल्टला अर्थ देऊ नये, हे मी आता पदरमोड करून शिकलोय. त्या बोल्टच्या खाली रंग असतो, आट्यांना कारखान्यातच गोंद लावलेला असतो, आणि कधी कधी सीटची पट्टी बॉडीला नुसती बसवलेली असते. वरून घट्ट दिसतं, पण धातूला धातू भिडलेला नसतो. शिवाय सीट धरून ठेवणं हे त्या बोल्टचं खरं काम. त्याच्याखाली जाड लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) घालून त्याची पकड बिघडवणं जिवाच्या दृष्टीनंही चूक.

आम्ही काय केलं ते सांगतो. आधी बॅटरीचा मायनस काढला. हे कधीही विसरू नका, पाना प्लसवरून बॉडीला टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. मग बॉडीच्या मूळ पत्र्यावर एक जागा निवडली आणि भोक पाडण्याआधी खाली वाकून बघितलं की पत्र्याच्या पलीकडून ब्रेकचा पाइप किंवा पेट्रोलची नळी जात नाही ना. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरनं घासली, रंगही काढला, खालचा करडा प्रायमरही काढला, पत्रा चकाकेपर्यंत. प्रायमर ठेवून घासणं म्हणजे न घासणंच. वायरला तांब्याचा लग दाबून बसवला, पक्कडीनं चेपून नाही, क्रिंपिंगच्या हत्यारानं. लग थेट पत्र्यावर, त्यावर स्टार वॉशर, मग बोल्ट-नट. सगळं आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. आधी लावायचं नाही, आवळल्यावर लावायचं, म्हणजे हवा आणि पाणी आत शिरत नाही. अर्थची वायर प्लसइतकीच जाड आणि हातभराच्या आतली ठेवली.

परत सूर लावून मोजलं. अर्थवर ०.१, अँपवर १२.९. त्या रात्री दुसऱ्या गेटला मुद्दाम थांबलो, एसी लावला, हेडलाइट लावले, आवडतं गाणं लावलं. एकदाही बंद पडलं नाही. आनंदानं दोन गाड्या जाईपर्यंत तिथंच बसून राहिलो.

मग आला पावसाळा. आमचा पश्चिमेचा भाग म्हणजे कणकुंबी, जांबोटीकडचा, मलप्रभेच्या उगमाचा. तिथं पाऊस लागला की आठवडा-आठवडा कपडे वाळत नाहीत. पायाला तांबडा चिखल, गाडीत ओल्या छत्र्या, पायदानाखालचा फेल्ट कायम दमट. सप्टेंबरात दोष परत आला. सीट काढून बघतो तर व्हॅसलीन एका बाजूनं पुसलं गेलेलं आणि लगच्या कडेनं गंज. मीटरवर ०.९. म्हणूनच हा दोष 'परत परत' येतो. एकदा दुरुस्त केलेला अर्थ कायमचा नसतो, निदान आपल्या या भागात तरी. आता मी जोडावर व्हॅसलीनऐवजी जाड ग्रीस देतो, वरून रंगाचा एक हात मारतो आणि अर्थची जागा पायदानाच्या खोलगट भागातून उचलून जरा उंचावर घेतलीय, जिथं पाणी साचत नाही.

बॅटरीकडचा अर्थही बघा. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी कारखान्याची पट्टी कधी कधी हिरवी पडलेली असते. तिच्यावर व्होल्टेज गळत असेल तर अँपकडचा अर्थ कितीही सुंदर केला तरी उपयोग नाही. बेळगावात एकदा ती पट्टी घासून घ्यायला गेलो, तर तिथला पोरगा बोट लावून म्हणाला, "सडिल ऐतरी." कन्नडमध्ये सडिल, आपल्यात सैल. त्यानं पान्यानं अर्धा वेढा फिरवला, पैसेही घेतले नाहीत.

प्लसची वायर आणि फ्यूज

अर्थ सुधारल्यावर प्लसवरचे ०.६ व्होल्ट उरले होते. माझी वायर आठ गेजची, बाहेरून लालभडक, जाडजूड. कापून बघितलं तर आतून पांढरट. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा तिचा रोध साधारण दीडपट असतो, आणि वर प्लास्टिकचा थर जाड असला की वायर जाड आहे असा भास होतो. बाजारात स्वस्त 'किट' मिळतात त्यांत बहुतेक हीच असते. चाकूनं तारेचं टोक खरवडून बघा, आत रुपेरी दिसलं तर समजा. मी चार गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) तांब्याची घातली आणि तो फरक ०.२ वर आला. किंमत टोचली, पण फुकट गेलेल्या अँपपेक्षा कमीच.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. फ्यूजचं काम अँप वाचवणं नाही, वायर पेटू न देणं हे आहे. काचेच्या नळीसारखा फ्यूज असेल तर त्याच्या दोन्ही टोकांच्या टोप्या बघा. खड्ड्यांनी त्या सैल होतात, तापतात, काळ्या पडतात. माझ्या त्या जांबोटीवाल्या मित्राचा दोष हाच निघाला. फ्यूज जळालेला नव्हता, नुसता होल्डरमध्ये खुळखुळत होता. फ्यूज सारखा जळतो म्हणून त्याहून मोठा, किंवा खिळा, तार, सिगारेटच्या पाकिटातला कागद घालणारे लोक मी बघितलेत. कृपा करून असं करू नका. गाडी पेटते.

दुकानदार एक फॅरडचा कॅपॅसिटर, म्हणजे ठोक्यापुरती वीज साठवणारा डबा, सुचवतील. चकचकीत असतो, त्यावर आकडे दिसतात. वाईट अर्थवर तो लावला तर तोही त्याच वाईट अर्थातून जेवणार. आधी मोजा.

निळी वायर

दिवा पूर्ण विझत असेल तर ही शक्यता आधी बघा. माझ्या मेव्हण्याची गाडी निपाणीला असते. त्याचा फोन आला, "भावजी, रेडिओ लावला की अँप चालतोय, खरं मोबाइलवर गाणं लावलं की बंद." असं विचित्र लक्षण ऐकून मला आधी विश्वास बसेना. जाऊन बघितलं तर कारण अगदी सरळ होतं.

स्टिरिओच्या मागून बहुतेक वेळा दोन निळ्या वायरी निघतात. एक नुसती निळी, ती वर येणाऱ्या मोटरच्या अँटेनासाठी. दुसरी निळी-पांढरी पट्ट्याची, ती अँपसाठी. काही स्टिरिओंत नुसत्या निळीवर सप्लाय फक्त रेडिओ चालू असतानाच येतो, कारण अँटेना रेडिओलाच लागतो. बसवणाऱ्यानं अँपचा रिमोट त्या निळीला जोडला होता. यूएसबी किंवा ब्लूटूथ लावलं की स्टिरिओ म्हणायचा 'अँटेना खाली घे', आणि अँप झोपी जायचा. निळी-पांढरीला जोडली, पाच मिनिटांचं काम.

रिमोटवर संशय असेल तर पक्कं करायला एक तपासणी आहे. अँपच्या प्लसच्या स्क्रूपासून रिमोटच्या स्क्रूपर्यंत छोटी वायर तात्पुरती जोडा. आता अँप बंद पडायचा थांबला तर दोष रिमोटच्या वाटेवर. ती वायर तपासणी झाली की लगेच काढा. विसरलात तर अँप रात्रभर जागा राहील आणि सकाळी गाडी स्टार्ट होणार नाही.

उन्हाळ्यात अर्ध्या तासानं बंद पडणारा

एप्रिल-मे महिन्यात, चिकोडी-अथणीकडे तर विचारूच नका, उभी गाडी आतून भट्टी होते. अशा वेळी अँप वीस-तीस मिनिटं बरा वाजतो, मग बंद, आणि थंड झाल्याशिवाय सुरू होत नाही. ठोक्याला बंद पडून पाच सेकंदांत परतणारा तो व्होल्टेजचा. अर्ध्या तासानं बंद पडून दहा-पंधरा मिनिटं रुसून बसणारा तो उष्णतेचा. हात लावून बघा, तीन सेकंद हात टेकवत नसेल तर उत्तर मिळालं.

जुन्या पद्धतीचे एबी क्लासचे अँप ओढलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत घालवतात. डी क्लासचे त्या मानानं थंड राहतात. पण कुठलाही असो, त्याच्या पन्हाळीदार पाठीला हवा लागली पाहिजे. माझा दुसरा अँप सीटखाली, वर कारपेट आणि त्यावर आईनं प्रेमानं घातलेली सतरंजी, अशा गादीत झोपला होता. मी त्याला प्लायवूडच्या दोन पट्ट्यांवर बोटभर उचलून बसवला, सतरंजी मागच्या सीटवर गेली. डिकीत उलटा, पाठ खाली करून टांगणं टाळा. गरम हवा वर जाते, ती अँपमध्येच अडते.

अँपवरचा गेनचा नॉबही उष्णता वाढवतो. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, स्टिरिओकडून येणारं गाणं अँपला जुळवून घ्यायचं बटण आहे. तो पूर्ण फिरवून ठेवला की सूर फाटतो आणि अँप व स्पीकर दोन्ही तापतात. बेस बूस्ट शून्यावर ठेवा, स्टिरिओ पाऊण आवाजावर, मग गेन हळूहळू वाढवा. जिथं फाटायला लागेल तिथून थोडा मागे घ्या. तिथंच सोडा.

स्पीकरची बाजू

ऊस चालू झाला की आमच्या संकेश्वर, उगारच्या रस्त्यांवर रात्री ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि ट्रॅक्टरवर गाणी नाहीत असा ड्रायव्हर विरळा. त्यांना जागं राहायला ती लागतात. हे लोक एका सबवूफरचे दोन करतात आणि मग अँप बंद पडायला लागतो. चार ओहमचे (ओहम म्हणजे रोधाचं माप) दोन सबवूफर समांतर, म्हणजे प्लस-प्लस, मायनस-मायनस जोडले की दोन ओहम होतात. दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, चालवलेले बरेच अँप चार ओहमच्या खाली चालवायचे नसतात. दोन ओहम लावले की करंट दुप्पट मागितला जातो, लाल दिवा लागतो. तेच दोन एकामागे एक जोडले तर आठ ओहम होतात. आवाज थोडा कमी, पण अँप रात्रभर चालतो. उसाच्या रांगेत रात्रभर चालणं महत्त्वाचं.

मोजायचं असेल तर स्पीकरच्या वायरी अँपपासून काढा आणि मीटर ओहमवर ठेवा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो, तेवढं कमी दिसणं बरोबर. दोनच्या खाली गेला तर कॉइल जळत आलीय किंवा वायर कुठंतरी भिडलीय. मग त्याच वायरीपासून गाडीच्या बॉडीपर्यंत मोजा. तिथं काहीच दिसता कामा नये. दिसलं तर दाराच्या बिजागरीजवळचं रबर तपासा, तिथं वायर चेपून उघडी पडते. माझ्या शेजाऱ्याच्या गाडीत तर काच खाली केली की अँप बंद आणि वर केली की चालू. काच उतरताना स्पीकरच्या मागच्या पिनेला घासत होती. टेप गुंडाळून, वायर वळवून घेतली.

आणि खरंच अँप गेला असेल तर

तेही होतं. ओळखायला सगळं काढून टाका. स्पीकरच्या वायरी, आरसीए, सगळं. फक्त प्लस, अर्थ आणि रिमोट ठेवा आणि अँप चालू करा. तरीही लाल दिवा आला, किंवा जोडताक्षणीच अँपचा फ्यूज उडाला, तर दोष आत आहे. आतले सप्लायचे किंवा आउटपुटचे मॉसफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) बहुधा शॉर्ट झालेले असतात. ते काम सोल्डरिंग जाणणाऱ्या चांगल्या कारागिराचं, घरी उघडून बघू नये. दिवा हिरवा राहिला तर एकेक वायर परत जोडत जा. जी जोडल्यावर लाल होईल, तिच्या मागे लागा.

हीच तपासणी मी शेवटी माझ्या पहिल्या अँपवर केली. तोच, ज्याला 'गेलाय' म्हणून मी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. मामा घरी आले होते. ट्रॅक्टरची बॅटरी अंगणात आणली, प्लसला फ्यूज लावला, जाड वायरी आवळल्या, रिमोटला छोटा तुकडा जोडला. दिवा हिरवा. मग एक जुना दाराचा स्पीकर जोडला, आईच्या मोबाइलवरून अभंग लावला. अंगणात तासभर वाजत होता. मामांनी अर्थच्या स्क्रूला हात लावून बघितला आणि म्हणाले, "गार आहे बघ."

आता तो अँप मेव्हण्याच्या भावाच्या ट्रॅक्टरवर आहे.